उष्टा ब्रश

पूर्वीची मी असते तर हे सगळं तुम्हाला नाक्यावर उभ्या उभ्या सांगून मोकळी झाले असते, वर दोन-चार शिव्याही घातल्या असत्या. माझं तोंड गावात प्रसिद्ध होतं. भाजीवाला माझ्या दारात यायच्या आधीच भाव उतरवायचा. आता माझी निम्मी जीभ कापलेली आहे आणि उरलेल्या निम्मीने मी काय बोलते ते माझ्या मुलीशिवाय कुणाला धड कळत नाही. म्हणून लिहायला बसलेय. दहावीपर्यंत शिकले त्याचा इतक्या वर्षांनी हा उपयोग.

ज्यांना नुकतंच कळलंय, ज्यांच्या हातात रिपोर्ट आहे आणि पायाखाली काही नाही, त्यांच्यासाठी हे आहे. गोड बोलणार नाही. हॉस्पिटलात जो तो मला सांगायचा, "काही होत नाही, मावशी." अरे, काही होत नाही कसं? होतं. चांगलं भरपूर होतं. फक्त त्यानंतरही सकाळी उठून चहा प्यावा लागतो, एवढंच मी सांगू शकते.

ब्रशचं टोक

माझं नाव कुंदा. रोह्याला लागून वरसे आहे, तिथे राहते. नवरा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. मी सकाळच्या गाडीने पेणला जायचे, गणपतीच्या कारखान्यात. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, सफेदा मारणं, अंगाला रंग देणं ही कामं दुसऱ्यांची. माझ्याकडे आखणी. म्हणजे डोळे, भुवया, कपाळाचं गंध. माझं माहेर पेणचंच, त्यामुळे लग्नाआधीपासून हा एकच हात मला येतो, आणि चांगला येतो. उगाच कशाला लाजू?

डोळ्याची रेघ बारीक हवी. त्यासाठी झिरो नंबरच्या ब्रशला टोक हवं, आणि टोक काढायचं तर ब्रश ओठात धरून जिभेवरून ओढायचा. आमच्या कारखान्यात आखणीवाले सगळे हेच करायचे. मला शिकवणाऱ्या काकांनी पहिल्या दिवशी पहिलं हेच शिकवलं. आमच्या मालकांचा त्यावर एकच नियम होता. गिऱ्हाईक आलं की ब्रश पाण्यात, गिऱ्हाईक गेलं की तोंडात. कारण उघड आहे. लोक अंघोळ करून, टोपी घालून, पाटावरून देव घरी नेणार. त्याच्या डोळ्यांना एका बाईचा उष्टा ब्रश लागलाय हे कळलं तर उद्या कारखान्यात कोण पाय ठेवणार?

मला जिभेच्या डाव्या कडेला फोड आला, तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. शेजारी बसणारी शालन म्हणाली, "ब्रशचा केस टोचला असेल गो. मलाबी होतंय मधेमधे." तिचा गेला. माझा नाही गेला. तिखट लागेना, मग गरम चहा लागेना. मशेरीचं बोट तेवढं त्यावर फिरवलं की बरं वाटायचं, बधिर व्हायचं. मग मी तेच करायचे. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, आणि गाडीत कासू स्टेशन गेलं की एकदा. आमच्या डब्यातल्या निम्म्या बायका कासू गेलं की मशेरीच्या डब्या काढायच्या आणि पेणला उतरून नळावर चूळ भरायच्या.

फोडाचा व्रण झाला तशी माझ्या मनात भलतीच भीती बसली. एके दिवशी सोंडेजवळचं काम करताना ब्रश जिभेला लावला आणि अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. वर बघितलं तर नुकते उघडलेले देवाचे डोळे माझ्याकडेच लागलेले. मी चरकले. इतकी वर्षं ह्याला उष्टं लावतेय, आता हा वसूल करणार, असं वाटलं. त्याच दिवशी कान पकडले आणि ब्रश चाटणं सोडलं. ओला स्पंज ठेवला जवळ. रेघ जाड यायला लागली. मालक येऊन म्हणाले, "कुंदे, ह्याला काय झोप आलीय? डोळे असे काय पेंगुळलेले?"

बोलणी खाल्ली, पण ब्रश तोंडात घातला नाही. देवाला वचन दिलं होतं. मशेरी चालूच होती. मशेरीचा विचारच कुणी करत नाही हो. ती काय खायची वस्तू आहे? दात घासायची आहे.

शिबिर

त्याच सुमाराला आमच्या ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये तपासणी शिबिर लागलं. सरकारी दवाखान्याची आशाताई घरोघरी सांगून गेली. बीपी बघणार, शुगर बघणार, छाती बघणार, तोंड बघणार.

निर्मलावहिनी ही माझी थोरली जाऊ. घर एकच, मधे भिंत, दोन चुली, अंगण एक. आमचं भांडण झालं नाही असा आठवडा जात नसे आणि एकमेकींवाचून पानही हलत नसे. ती तयार होऊन दारात आली. "चल गो कुंदे, फुकट हाय. साखर बघतात, तोंड बघतात."

"तोंड कशाला बघायला पाहिजे?"

"तुझं नाय बघणार. तुझं सगळ्या गावानं बघितलंय."

आता हसू नका, पण खरं सांगते. डॉक्टरसमोर तोंड उघडायचं, वास येऊ नये, दात स्वच्छ दिसावेत, म्हणून आमच्या आळीतल्या सगळ्या बायकांनी त्या सकाळी मशेरी जरा जास्तच लावली. अगदी घासून घासून. मीही लावली. मग चुळा भरल्या, नवीन साड्या नेसल्या आणि हॉलमध्ये रांगेत जाऊन बसलो.

डॉक्टर म्हणजे कोवळी पोरगी होती, पुण्याकडची असावी. एकेकीला विचारत होती, "तंबाखू खाता? गुटखा? विडी?" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. "शी गो बाई, नाय!" मीही म्हणाले, नाय. मी तंबाखू खाते? मी बाप्यांसारखी हातावर चुना मळते? तिने टॉर्च मारला आणि थांबली.

"मावशी, ही जखम कशाने?"

मागे निर्मलावहिनी, तिच्या मागे अख्खी आळी. त्यातल्या कितीजणींच्या घरी आमच्याच कारखान्यातला गणपती येतो. आता मी काय सांगू? देवाचे डोळे काढताना ब्रश चाटते म्हणून? मी म्हणाले, "चावली जीभ."

"किती दिवस झाले?"

"झाले असतील चार-आठ."

कित्येक महिने झाले होते. ती म्हणाली, "दोन आठवड्यांत भरली नाही तर मोठ्या डॉक्टरांना दाखवा हं, नक्की दाखवा." तिला काही दोष देत नाही मी. एका दिवसात एवढ्या बायकांची तोंडं बघायची आणि त्या सगळ्या तिच्याशी तोंडावर खोटं बोलणार. मी घरी आले, बीपी नॉर्मल आल्याचा आनंद केला आणि सीझनच्या कामाला लागले. गणपती तोंडावर आले होते. तोंड कोण दाखवतंय?

बरोबर कोण आलंय?

गणपती गेले तेव्हा माझा कान ठणकत होता आणि गळ्याला गाठ लागत होती. माझी मुलगी प्राची, कॉलेजात जाते, ती मला ओढत रोह्याच्या दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने आरशाने जीभ बाजूला केली, बघितलं आणि टॉर्च बंद केला. मला न विचारता प्राचीकडे वळून म्हणाला, "बरोबर मोठं कोण आलंय?"

हा प्रश्न लक्षात ठेवा. आधी कुणी रिपोर्ट वाचून दाखवत नाही. आधी हे विचारतात. मी तिथे खुर्चीत आ वासून बसलेली, माझी जीभ, माझा जीव, आणि विचारतोय कुणाला, तर पोरीला. मी म्हणाले, "मी आलेय. मीच मोठी आहे." तो म्हणाला, "मावशी, मुंबईला जावं लागेल. लगेच." मग कागदावर काहीतरी लिहीत राहिला, वर बघेना.

मुंबईच्या हॉस्पिटलात जिभेचा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो रिपोर्ट यायच्या दिवसांत मला निर्मलावहिनीजवळ रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. ब्रशचं, उष्ट्याचं, देवाच्या डोळ्यांचं. म्हणाले, "वहिनी, माझ्याकडनं देवाचा मोठा अपराध झालाय गो. त्यानंच धरलंय मला." तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "गप. नाय सांगत कुणाला," म्हणाली.

रिपोर्टच्या दिवशी मी, प्राची आणि आमचे हे, तिघं बाकावर होतो. सर्जन वयस्क होते, आवाज रुक्ष. कॅन्सर आहे, म्हणाले. निम्मी जीभ काढावी लागेल, गळ्यातल्या गाठीही काढाव्या लागतील. आमचे हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. डॉक्टरांनी मला विचारलं, "तंबाखू?"

"नाय."

"मशेरी?"

हा शब्द मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला. "व्हय, ती लावते की. दात घासायला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मशेरी कशाची करतात, मावशी?"

मी तोंड उघडलं. तव्यावर मी स्वतः भाजते. काळी झाली की कुटते. आई करायची, सासू करायची. आणि ती पानं कसली असतात ते मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? दुकानात जाऊन मीच तर मागायचे. "तंबाखूची," म्हणाले. 

तरी माझं मन मानेना. मी त्यांना ब्रशचं सांगितलं, सगळं, हात जोडून. म्हटलं, देवाचं तर काही नसेल ना? ते म्हणाले, "रंग चाटू नका, ते वाईटच. पण मी रोज तुमच्यासारख्या बायका बघतो. गावोगावच्या. त्यांच्यातली एकही गणपती रंगवत नाही. मशेरी मात्र सगळ्या लावतात."

म्हणजे बघा. ज्याने हे झालं नव्हतं ते देवाला भिऊन सोडलं, आणि जे मारत होतं ते रोज बोटाने त्याच जखमेवर चोळलं. औषध म्हणून. त्या रात्री मला मरणाची भीती वाटली नाही. इतका राग आला होता की भीतीला जागाच नव्हती.

वॉर्ड

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले, हाताची कातडी घेऊन जीभ भरून काढू. मी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "डावा घ्या. उजव्याला हात लावलात तर मी टेबलावरून उठून जाईन." ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, डावाच घेणार होतो.

शुद्धीवर आले तेव्हा गळ्याला भोक होतं, नाकात नळी होती आणि तोंडात परकं मांस. बोलणं बंद. थुंकी गिळता येईना, ती सारखी मशीनने ओढायची. सकाळी सहाला बाई यायची, बेड झटकायची, नळीतून दूध ओतायची. चव नाही, वास नाही, फक्त पोट भरल्यासारखं वाटतं. मला पाटी-पेन्सिल दिली होती. त्यावर मी पहिलं काय लिहिलं ठाऊक आहे? "उशी घाण आहे." नर्स म्हणाली, "ह्या मावशी वाचणार."

समोरच्या कॉटवर खालापूरकडची एक म्हातारी होती. तिचा अर्धा गाल गेलेला. आम्हा दोघींनाही बोलता येत नव्हतं, पण रोज दुपारी ती कॉटवरून उठून यायची, माझ्या पायांना हाताने जरा चेपायची आणि परत जायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या हॉस्पिटलात माझ्यावर केलेली एवढी एकच माया मला जशीच्या तशी आठवते. एके दिवशी तिची कॉट रिकामी दिसली. घरी गेली की कुठे गेली, मी पाटीवर लिहून विचारलं नाही.

आता आमच्या ह्यांचं सांगते. ते वाईट नाहीत. शिफ्टा बुडवून माझ्याजवळ बसले. पण दर तासाला "आलो जरा" म्हणून बाहेर जायचे, आणि परत आले की वास. हॉस्पिटलाच्या रस्त्यापलीकडे टपरी. तिथे सगळ्यांचे नवरे, भाऊ, पोरं उभी. आत बाई जिभेवाचून पडलीय, आणि बाहेर हा टेन्शनमुळे तंबाखू मळतोय. मला शिव्या देता येईनात. स्टीलचा पेला होता, तो फेकून मारला. कपाळाला लागला, टेंगूळ आलं. वॉर्डमधल्या बायका बघत होत्या. मला अजून त्याचं वाईट वाटत नाही. सोडलीय म्हणतात आता. मी रोज दारात वास घेते.

पुढे लाईट घेतल्या, म्हणजे रेडिएशन, त्याचं फार लिहीत नाही. तोंड आतून सोललं गेलं, आणि थुंकीच आटली. अजून आलेली नाही. पाण्याची बाटली घेऊन फिरते.

डाव्या मनगटाच्या वर लहानपणी जत्रेत आईने ॐ गोंदवला होता. ती कातडी गेली जिभेवर. आरशात जीभ कशीबशी पुढे काढली की त्यातला निम्मा दिसतो, हिरवट. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी हसले, मग बराच वेळ रडले. प्राचीला वाटलं, वेड लागलं.

बघायला आलेल्या

लाईट सुरू व्हायच्या आधी घरी आले, तशी आळी बघायला आली. आजारी माणसाकडे जायचं म्हणून हातात बिस्किटाचे पुडे. मी नाकात नळी घालून बसलेय आणि मांडीवर ग्लुकोज बिस्किटांचा ढीग. एक म्हणाली, "फार बोलायची, नाय का? आता बघा." माझ्यासमोर म्हणाली. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नाही असं लोकांना वाटतं. हे तुमच्याही वाट्याला येणार आहे, तयार राहा.

त्यात निर्मलावहिनी उंबऱ्यावर बसली होती. डाव्या हातात डबी, उजव्या हाताचं बोट तोंडात. मशेरी घासता घासता, तोंड वर करून, थुंकी सांडू नये म्हणून जपत, ती बायकांना सांगत होती, "देवाच्या डोळ्याला उष्टा ब्रश लावायची ही. तोंडातला काढून. मग देव सोडल काय? जिथनं पाप केलं तिथंच धरलं."

बायकांनी कपाळाला हात लावले. एकीने विचारलं, "म्हणजे आमचा गणपतीपण?" माझ्याकडे बघायचं सगळ्यांनी थांबवलं.

माझ्या तोंडात एवढं आलं होतं! "नाय सांगत" म्हणाली होतीस गो तू. पाठीवर हात ठेवून म्हणाली होतीस. मी उठले, बोलायला गेले, तर नुसता घो-घो आवाज आणि लाळ. बायका घाबरून उठल्या. निर्मलावहिनी बाहेर जाऊन थुंकली, चूळ भरली आणि म्हणाली, "पड गो, पड. त्रास करून घेऊ नको."

ही गोष्ट पेणला पोचायला वेळ लागला नाही. मालकांचा फोन प्राचीने घेतला. "तिला म्हणावं बरी हो आधी, घाई नको." मग आवाज खाली करून म्हणाले, "लोक विचारतात गो पोरी. तिला इकडे बसलेली बघितली तर गिऱ्हाईक फिरेल." कारखान्यात तेव्हाही बाकीचे सगळे ब्रश चाटतच होते. मी एकटीच सोडून बसले होते, आणि उष्टी ठरले मी एकटीच.

गावात काही घरांनी त्या वर्षी दुसऱ्या कारखान्यातून गणपती आणला. तिथेही काय करतात ते मला माहीत आहे. सांगणार कुणाला आणि कशाने? त्या दिवसांत मला खरंच मरावंसं वाटलं. कॅन्सरने नव्हे. लाजेने.

पुन्हा आखणी

मी मेले नाही ते प्राचीमुळे. तिने माझं नवं बोलणं शिकून घेतलं. तिला ना राग यायचा ना कीव. "आई, परत बोल," एवढंच म्हणायची. आणि मी परत बोलायचे. एक दिवस ती माझ्यासमोर पुठ्ठा आणि झिरो नंबरचा ब्रश ठेवून कॉलेजला गेली. मी दिवसभर डोळे काढत बसले. हात तसाच होता.

पुढच्या सीझनला मूर्ती वाढल्या आणि हात कमी पडले, तेव्हा मालकांना माझी आठवण झाली. दिवसा नको, मागच्या खोलीत बस, म्हणाले. मी गेले. मान नव्हता, पण काम होतं. शालन माझ्याकडे बघून हळूच स्पंज वापरायला लागली. मला आता ब्रश चाटायचा म्हटला तरी चाटता येत नाही. थुंकी कुठेय? गावातल्या देवांपैकी सगळ्यात स्वच्छ डोळे माझ्या हातचे असतील, आणि तेच मागच्या दाराने जातात.

दुसरं शिबिर

मग आमच्या हॉलमध्ये पुन्हा शिबिर लागलं. मी ठरवलं होतं की निर्मलावहिनीशी जन्मात बोलायचं नाही. पण भिंत एक, अंगण एक. रोज सकाळी ती डबी घेऊन उंबऱ्यावर बसायची आणि मला दिसायची. एकदा जांभई देताना तिच्या गालाच्या आत पांढरं दिसलं. दुधाची साय धरावी तसं. मी हॉस्पिटलात इतकी तोंडं बघितलीत की मला ते ओळखायला टॉर्च लागत नाही.

मी सांगायला गेले. बोलून, खुणेने, मग प्राचीला पुढे करून. वहिनी म्हणाली, "मला कशाला होतंय? मी काय ब्रश चाटते?"

तिला तेच धरून राहायचं होतं. कारण ब्रश खरा असेल तर ती सुटली, आणि मशेरी खरी असेल तर ती माझ्याच रांगेत. मला तिचं कळत होतं. मीही त्याच आशेवर देवाला वचन दिलं होतं ना.

शिबिराच्या सकाळी बायकांनी दात घासले, साड्या नेसल्या, रांगेत बसल्या. मी मागे उभी, प्राची कॉलेजला गेलेली. मला बघून दोघी-तिघी सरकून बसल्या. या वेळी डॉक्टर तरुण मुलगा होता. निर्मलावहिनीचा नंबर आला.

"तंबाखू, गुटखा काही?"

"शी! नाय हो डॉक्टर."

मी पुढे झाले. बोलायचा प्रयत्न केला. म झाला, पण श, र काही उमटेना. जोर लावला तसा कोरडा खोकला आला. डॉक्टरने कनवाळू चेहरा केला. "मावशी, तुम्ही बसा. तुमचा नंबर आला की बघतो." वहिनी त्याला म्हणाली, "तिला बोलता येत नाय. सोडा तिला." आणि तोंड उघडायला लागली, ते उजेडापासून जरा वळवून. लपवत होती. तिलाही दिसलं होतं आरशात. तेव्हा माझी खात्री झाली.

मी तिच्या कमरेला हात घातला. साडीच्या निऱ्यांजवळ डबी खोचलेली असते, मला काय माहीत नाही? ती ओरडली, माझ्या मनगटावर चापट मारली, नेमकी कातडी काढलेल्या जागी. मी सोडली नाही. डबी ओढून काढली, झाकण उघडलं आणि डॉक्टरच्या टेबलावर उपडी केली. काळी भुकटी त्याच्या पांढऱ्या कागदांवर पसरली. मग मी माझं तोंड उघडलं, जेवढं उघडतं तेवढं, आणि त्याच्या टॉर्चखाली धरलं. एक बोट भुकटीकडे, एक बोट तोंडात. त्यापेक्षा सोपं मला सांगता येत नव्हतं.

 आणि मी बघितलं, रांगेतल्या बायकांचे हात एकेक करून आपापल्या कमरेकडे गेले. लपवायला की काय कोण जाणे. डॉक्टरने भुकटी बोटाने उचलून वास घेतला. मग खुर्ची ओढून निर्मलावहिनीच्या अगदी समोर बसला. "आता नीट आ करा," म्हणाला. या वेळी त्याने घाई केली नाही. तिच्या गालातलं पांढरं त्याला सापडलं. त्याने तिला मुंबईला पाठवलं, तिथे तुकडा काढून तपासला. कॅन्सर झालेला नव्हता. होण्याच्या वाटेवर होता. मशेरी बंद करा आणि दर काही महिन्यांनी दाखवत राहा, म्हणाले.

ती दाखवते. डबी गेली. माझ्याशी मात्र ती त्या दिवसापासून एक शब्द बोललेली नाही. भर हॉलमध्ये कमरेला हात घातला, चारचौघींत लाज काढली, हे ती विसरायला तयार नाही. अंगणात मी दिसले की मान फिरवते. कधीतरी तिने येऊन म्हणावं, कुंदे, चुकलं गो माझं, असं मला वाटतं. खोटं कशाला बोलू? रोज वाटतं. तसं काही होणार नाही.

दुपारी मी भात मिक्सरमधून काढून घोट घोट गिळत बसते, तेव्हा भिंतीपलीकडे ती बहिणीला फोन करते. मला शिव्या घालते. सटवी म्हणते, उष्टी म्हणते, देवाने धरलं तरी मस्ती गेली नाही म्हणते. मी घास थांबवून ऐकते. एकेक अक्षर स्वच्छ ऐकू येतं, कुठे अडखळत नाही, कुठे घो-घो नाही. अख्खी जीभ आहे बाईच्या तोंडात.